अचूकपणाचा विनोद : जूझो इतामी यांच्या चित्रपटांविषयी

1984 च्या नोव्हेंबरात ‘ओसोशिकी’ म्हणजे ‘अंत्यविधी’ हा चित्रपट जपानमध्ये लागला, तेव्हा त्याचे दिग्दर्शक जूझो इतामी 51 वर्षांचे होते. पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्याआधी ते नट होते, निबंधकार होते, अक्षरांची रेखाटनं करून पोट भरणारे चित्रकार होते, दूरचित्रवाणीवरच्या प्रवासपटांचे निवेदक होते, मनोविश्लेषणाला वाहिलेल्या एका मासिकाचे संपादकही होते. एवढी वळणं घेत आलेल्या माणसाला लोक सहसा ‘हौशी’ म्हणून बाजूला सारतात. इतामींच्या बाबतीत तसं झालं नाही, कारण पुढच्या तेरा वर्षांत त्यांनी दहा चित्रपट केले आणि त्यांतल्या निदान चारांनी जपानी प्रेक्षकाला स्वतःकडे पाहून हसायला लावलं. एका चित्रपटामुळे तर त्यांच्या जिवावर बेतलं.

जपानी चित्रपट म्हटलं की आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत वाढलेल्या प्रेक्षकासमोर कुरोसावा, ओझू, मिझोगुची ही नावं उभी राहतात. त्यांच्यानंतरचा जपान, म्हणजे पैसा आलेला, जमिनीचे भाव आभाळाला टेकलेला, सुपरमार्केटमध्ये रमलेला आणि आजोबा वारले तर नेमकं काय करायचं हे विसरलेला जपान, आपण चित्रपटांतून फारसा पाहिलेला नाही. तो इतामींच्या चित्रपटांत आहे, आणि माझ्या मते इतर कुणापेक्षाही जास्त बारकाईने आहे. पुढची पानं वाचणाऱ्याला या माणसाची आधी थोडी ओळख असावी, म्हणून हा प्रपंच.

इतामी हे आडनाव त्यांना वडिलांच्या टोपणनावावरून मिळालं. घराण्याचं खरं आडनाव इकेउची. वडील मान्साकु इतामी हे बोलपट यायच्या सुमाराचे नामांकित दिग्दर्शक आणि पटकथाकार. तलवारबाजीच्या चित्रपटांची चलती असताना त्यांनी सामुराईची टोपी उडवणारे चित्रपट काढले. 1936 च्या ‘आकानिशी काकिता’ या चित्रपटातला नायक कुरूप चेहऱ्याचा आणि पोटदुखीने बेजार असलेला हेर आहे. क्षयाने अंथरुणाला खिळल्यावरही मान्साकु लिहीत राहिले. 1943 मध्ये हिरोशी इनागाकी यांनी रिक्षावाल्याच्या आयुष्यावर जो गाजलेला चित्रपट केला, त्याची पटकथा त्यांचीच. सप्टेंबर 1946 मध्ये ते गेले तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता.

मरणाच्या थोडंच आधी मान्साकुंनी युद्धाला जबाबदार कोण या विषयावर एक लेख लिहिला होता. युद्धात हरलेल्या जपानमध्ये तेव्हा जो तो म्हणत होता, आम्हाला फसवलं गेलं. मान्साकुंचं म्हणणं असं की, फसवणारा जितका दोषी तितकाच फसलेला, कारण पूर्ण देश फसायला इतका राजी नसता तर फसवणाऱ्यांचं काही चाललंच नसतं. आणि जे आज फसलो म्हणून मोकळे होतात ते उद्या पुन्हा फसतील. जपानमध्ये हा लेख अजूनही काढून वाचला जातो. मुलाने वडिलांच्या विचारांचा झेंडा कधी खांद्यावर घेतला नाही, पण त्याचे चित्रपट एकामागून एक पाहिले की या लेखाची सावली त्यांवर पडलेली दिसते. फसणाऱ्या माणसाला कशाने फसवलं जातं हे रीतसर समजावून सांगणं, हा इतामींच्या व्यंगाचा गाभा आहे. तिथे मी परत येईन.

इतामींचा जन्म क्योतोचा असला तरी वडिलांचं मूळ गाव शिकोकू बेटावरचं मात्सुयामा, आणि किशोरवयातली महत्त्वाची वर्षं तिथेच गेली. तिथल्या शाळेत त्यांना एक मित्र मिळाला, केंझाबुरो ओए. पुढे ओएंनी इतामींच्या बहिणीशी, युकारींशी लग्न केलं आणि 1994 मध्ये त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. या मैत्रीवर आणि तिच्या शेवटावर ओएंनी 2000 साली एक कादंबरी लिहिली. इतामींनीही ओएंच्या एका पुस्तकावर 1995 मध्ये ‘शिझुका ना सेइकात्सु’ हा शांत चित्रपट केला. तो व्यंगाच्या वाटेला जात नाही, आणि खरं सांगायचं तर इतामींची पकड त्यात थोडी ढिलीच वाटते.

1960 मध्ये ते दाइएइ या चित्रपट कंपनीत नट म्हणून दाखल झाले. इंग्रजी चांगलं असल्यामुळे परदेशी निर्मात्यांची नजर लवकरच त्यांच्यावर गेली. निकोलस रे यांच्या ‘फिफ्टी फाइव्ह डेज ॲट पेकिंग’मध्ये (1963) ते जपानी कर्नल शिबा झाले, तर रिचर्ड ब्रुक्स यांच्या ‘लॉर्ड जिम’मध्ये (1965) पीटर ओटूलच्या बरोबर दिसले. या चित्रीकरणांच्या निमित्ताने युरोपात जो मुक्काम झाला, त्यातून ‘युरोपातली कंटाळ्याची रोजनिशी’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक 1965 मध्ये आलं. स्पॅगेटी किती शिजवायची, गाडी कशी चालवायची, कोणत्या प्रसंगी कोणते बूट घालायचे, अशा गोष्टींवर हा तरुण नट इतक्या अधिकारवाणीने लिहीत होता की वाचणाऱ्याला राग यावा. पण मजकूर खरा होता, म्हणून लोक वाचत राहिले. शेवयांच्या मधोमध किंचित कच्चेपणा राहिला पाहिजे हे अनेक जपानी वाचकांना त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. प्रत्येक गोष्ट करण्याची एक नीट रीत असते आणि ती माहीत असायला हवी, हा त्यांचा हट्ट इथेच दिसतो. चित्रपटांत तो हट्ट हास्याचं रूप घेऊन आला.

नट म्हणून त्यांना मोठ्या भूमिका फारशा मिळाल्या नाहीत. देखणा, जरासा परका, जरासा थंड माणूस हवा असला की त्यांना बोलावणं येई. नागिसा ओशिमा, कोन इचिकावा यांच्याकडे त्यांनी कामं केली. लक्षात राहिली ती मात्र योशिमित्सु मोरिता यांच्या 1983 च्या ‘काझोकु गेमु’मधली बापाची भूमिका. त्या चित्रपटात सगळं कुटुंब एका लांबट टेबलाशी एकाच बाजूला ओळीने बसून जेवतं, आणि इतामींचा बाप तळलेल्या अंड्याचं पिवळं ओठांनी ओढून घेतो. चौकटीतल्या जागेचा, खाण्याच्या लकबीचा आणि घरातल्या अधिकाराचा असा एकत्र विनोद त्यांनी पुढे स्वतःच्या चित्रपटांत कितीतरी वेळा केला.

नटाला सेटवर वाट पाहावी लागते. ही वाट पाहण्यातली वर्षं इतामींना फुकट गेली असं मला वाटत नाही. माणूस कोणत्या क्षणी भूमिका करू लागतो, शोक करणाऱ्याचा चेहरा तो कुठून उसना आणतो, हात कुठे ठेवावेत हे न सुचल्याने काय करतो, हे एखाद्या दिग्दर्शकापेक्षा नटाला जास्त कळतं. वीस-बावीस वर्षं हे पाहिलेला माणूस पुढे सासऱ्याच्या अंत्यविधीला बसला.

दुसऱ्या पत्नी, अभिनेत्री नोबुको मियामोतो यांचे वडील 1983 मध्ये वारले. त्या दोन-तीन दिवसांत जे घडलं, त्यातून ‘ओसोशिकी’ची पटकथा जन्मली, आणि चित्रीकरणही योकोहामापासून काहीसं दूर असलेल्या युगावाराच्या त्यांच्या स्वतःच्याच घरात झालं. कथा एवढीच: नवरा-बायको दोघेही नट, जाहिरातीच्या चित्रीकरणात असताना सासऱ्याच्या मृत्यूची बातमी येते, आणि त्यांना अंत्यविधी करावा लागतो. कसा करायचा, ते कुणालाच ठाऊक नाही. बौद्ध भटजीला किती द्यायचं? शवपेटी कोणत्या किमतीची घ्यायची? सांत्वनाला येणाऱ्यांशी काय बोलायचं? मग घरात टीव्हीसमोर बसून अंत्यविधीच्या शिष्टाचाराची टेप लावली जाते आणि ही नटमंडळी त्यातली वाक्यं संवाद पाठ करावेत तशी घोकतात.

मराठी वाचकाला यात परकं काही वाटायचं कारण नाही. दक्षिणा किती आणि कोणत्या पाकिटात, हा प्रश्न आपल्याकडेही रडणं आवरल्यावर लगेच पडतो. इतामींचं वेगळेपण असं की ते यावर टीका करत नाहीत. भटजी रोल्स रॉइसमधून उतरतो. ती भूमिका करतात चिश्यू र्यू, ओझूंच्या चित्रपटांतले जन्मभराचे सोशिक वडील. एवढी एक निवडच टोमणा मारायला पुरेशी होती, म्हणून ते आणखी काही म्हणत नाहीत. मंत्रपठण लांबतं, गुडघे मुडपून बसलेल्यांचे पाय मुंग्या येऊन बधिर होतात, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. नवऱ्याची प्रेयसी शोकाच्या काळ्या कपड्यांत येते आणि दोघं झुडपांत जातात, बायको घराबाहेरच्या झोक्यावर एकटीच हिंदोळत राहते. हे सगळं कॅमेरा ज्या शांतपणे पाहतो, त्याने मला दर वेळी धक्का बसतो. आणि शेवटी सासूबाई थोडंसं बोलतात, तेव्हा इतका वेळ हसत आलेला प्रेक्षक एकदम गप्प होतो. ती सासू रंगवणाऱ्या किन सुगाई यांना जपान अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा आणि नायक त्सुतोमु यामाझाकी यांनाही तो मिळाला. ‘किनेमा जुन्पो’ मासिकाच्या त्या वर्षीच्या यादीत हा चित्रपट पहिला आला. पहिल्या प्रयत्नाला असं यश क्वचितच येतं.

पाठोपाठ आला ‘ताम्पोपो’ (1985). जपानबाहेर इतामी ओळखले जातात ते याच चित्रपटाने, आणि गंमत अशी की जपानमध्ये तो फार चालला नव्हता. अमेरिकेत मात्र उचलला गेला. ट्रक चालवणारा गोरो काऊबॉयसारखी टोपी घालून एका मोडकळीला आलेल्या रामेनच्या, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानात शिरतो आणि ते चालवणाऱ्या विधवेला, ताम्पोपोला, उत्तम रामेन करायला शिकवतो. म्हणजे गावात आलेला परका शूर माणूस, जसा अमेरिकी वेस्टर्नमध्ये असतो तसा, फक्त इथे लढाई रश्श्याशी आहे. मूळ कथा सोडून चित्रपट मनाला येईल तिकडे भटकतो. एका महागड्या फ्रेंच हॉटेलात कंपनीचे बडे साहेब मेनू न कळून एकामागोमाग एक तेच मासे, तेच सूप आणि तीच बिअर मागवतात, आणि त्यांची बॅग वाहणारा पोरगा मात्र फ्रेंच पदार्थांची आणि वाइनची बारीक चर्चा करून ऑर्डर देतो. साहेबांचे चेहरे लाल होतात. दुसरीकडे शिष्टाचाराच्या वर्गात बायकांना स्पॅगेटी आवाज न करता कशी खायची ते शिकवलं जातंय, आणि शेजारच्या टेबलावर एक गोरा माणूस तीच स्पॅगेटी भुरकतोय. मरणाच्या दारात असलेली आई नवऱ्याच्या आज्ञेवरून उठते, मुलांसाठी भात परतते, आणि पोरं खायला लागताच मरते. बाप ओरडतो, खा, गरम आहे तोवर खा. हा प्रसंग क्रूर आहे, आणि तरीही मला वाटतं की जपानी कुटुंबावर या दोन-तीन मिनिटांइतकं नेमकं भाष्य इतामींनी दुसरीकडे कुठे केलेलं नाही.

‘ओसोशिकी’ चालला, पैसे आले, आणि पैशांबरोबर करखात्याचा तगादाही आला. इतामींनी त्याचं गाऱ्हाणं केलं नाही. कर वसूल करणाऱ्यांना आणि चुकवणाऱ्यांना भेटून त्यांनी तपशील गोळा केला आणि 1987 मध्ये ‘मारुसा नो ओन्ना’ काढला. मारुसा हे छापे घालणाऱ्या कर-अधिकाऱ्यांचं बोलीतलं नाव. नायिका र्योको इताकुरा, चेहऱ्यावर वांग, डोक्यावर झोपेतून उठल्यासारखे केस, एकटी आई, आणि हिशोबातली खोट वास घेऊन काढणारी. तिच्यासमोर गोंदो, प्रेमी जोडप्यांना तासावर खोल्या देणाऱ्या हॉटेलांचा मालक, लंगडणारा, हुशार, आणि जवळजवळ आवडावा असा. मियामोतो आणि यामाझाकी यांच्यातलं हे उंदीर-मांजर हाच चित्रपटाचा प्राण. मेलेल्या माणसाच्या नावावर कंपनी कशी उभी करतात, खात्याचा शिक्का लिपस्टिकमध्ये कसा लपवतात, फाडून टाकलेले कागद कचऱ्यातून कसे जुळवतात, हे सगळं इतक्या रसाने दाखवलंय की पाहणाऱ्याला कर चुकवायचाही आणि चुकवणाऱ्याला पकडायचाही मोह व्हावा. संपत्ती कशी जमवावी हे गोंदो समजावतो ती जागा मला विसरता येत नाही: पेल्यात थेंब-थेंब पाणी साठतंय, तहान लागली तरी ते प्यायचं नाही, पेला भरून वाहू लागला की जे सांडतं तेवढंच चाटायचं. जमिनीच्या किमती वेड्यासारख्या वाढत असलेल्या जपानमध्ये हे वाक्य विनोद म्हणून ऐकलं गेलं असेल, सल्ला म्हणूनही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या भागात धर्मसंस्थेच्या करमाफीआडून चालणारा जमिनीचा व्यापार आहे. तो जास्त काळोखा आणि जास्त कडवट. 1990 चा ‘आगेमान’ मात्र मला सैल वाटतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

आता ‘मिन्बो नो ओन्ना’, 1992. इथे वडिलांचा तो लेख पुन्हा आठवावा लागतो. एका मोठ्या हॉटेलात याकुझा टोळ्यांचा वावर आहे. लॉबीत ते पाय पसरून बसतात, लाझान्यात झुरळ निघालं म्हणून लाखोंची भरपाई मागतात, आणि हॉटेलचे साहेब घाबरून पैसे देत जातात. हे प्रकरण निस्तरायला एक हिशोबनीस आणि एक सामान उचलणारा पोऱ्या नेमले जातात, आणि त्या दोघांनाही त्यातलं काहीच कळत नाही. मग येते मियामोतोंची वकील माहिरु. ती या दोघांना शिकवते: त्यांच्या अड्ड्यावर जायचं नाही, एकट्याने भेटायचं नाही, बोलणं रेकॉर्ड करायचं, जागच्या जागी कोणतंही वचन द्यायचं नाही, आणि लक्षात ठेवायचं की तुरुंगात जाणं त्यांनाही परवडत नाही, म्हणूनच ते मारत नाहीत, नुसतं घाबरवतात. थोडक्यात, चित्रपटाचा मोठा भाग प्रशिक्षणाचा वर्ग आहे. समीक्षकांनी त्याला कंटाळवाणा उपदेश म्हटलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण हा उपदेश नैतिक नाही, कामाचा आहे, आणि म्हणूनच तो बोचला. तोएइ कंपनीच्या जुन्या चित्रपटांनी याकुझाला ब्रीद राखणारा वीर केला होता. इतामींनी त्याला दुसऱ्याच्या भीतीवर जगणारा फुकटखाऊ म्हणून दाखवलं आणि भीती कशी घालवायची हेही दाखवलं. टोळ्यांविरुद्धचा नवा कायदा त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लागू झाला होता.

चित्रपट 16 मे रोजी लागला. 22 मेच्या संध्याकाळी घराबाहेर पाच जणांनी इतामींना गाठून त्यांचा चेहरा आणि हात सुऱ्यांनी चिरले. हल्लेखोर यामागुची-गुमीशी जोडलेल्या गोतो-गुमी टोळीचे होते. इतामी बचावले, चेहऱ्यावर व्रण राहिला, आणि आपण माघार घेणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्या वर्षी ‘दाइब्योनिन’ हा कर्करोगाने मरणाऱ्या दिग्दर्शकावरचा चित्रपट लागला असताना एका चित्रपटगृहात पडदाच फाडला गेला. पोलीस संरक्षणात राहिलेल्या दिवसांतून 1997 चा ‘मारुताइ नो ओन्ना’ निघाला, ज्यात धर्मपंथाच्या गुन्ह्याची साक्षीदार असलेल्या नटीला पोलीस सांभाळतात. ओम शिन्रिक्यो या पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

या दोहोंच्या मधला ‘सुपा नो ओन्ना’ (1996) अनेकांना हलकाफुलका वाटतो. मला तो इतामींच्या हातोटीचा फार नमुनेदार दाखला वाटतो. एक गृहिणी बुडीत निघालेल्या सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत शिरते आणि कालचं मांस नवी तारीख चिकटवून आज कसं विकलं जातं ते उघड करते. काही वर्षांनी, 2002 मध्ये, जपानी बाजारात गोमांसाच्या खोट्या लेबलांचं मोठं प्रकरण निघालं तेव्हा पुष्कळांना हा चित्रपट आठवला असणार.

20 डिसेंबर 1997 रोजी तोक्योमध्ये आपल्या कार्यालयाच्या इमारतीवरून पडून इतामी गेले. एक छायाचित्र-साप्ताहिक त्यांच्या खासगी आयुष्यावर लेख छापणार होतं, आणि त्यांच्या मागे चिठ्ठी सापडली. पोलिसांनी आत्महत्या अशी नोंद केली. टोळीचा त्यात हात होता असं नंतर लिहिलं गेलं, पण सिद्ध काही झालेलं नाही. म्हणून या प्रकरणाला चित्रपटांपेक्षा जास्त जागा देऊ नये, असं मला वाटतं. बऱ्याच लेखांत तसंच होतं, आणि इतामींचा शेवट वाचून लोक थांबतात, ‘ओसोशिकी’ पाहत नाहीत.

नोबुको मियामोतो त्यांच्या दहाही चित्रपटांत आहेत. एकच नटी, विधवा, कर-अधिकारी, वकील, गृहिणी, साक्षीदार अशा वेगवेगळ्या वेशांत. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पुरुषांनी केलेला घोळ निस्तरताना. स्त्रीला नेहमी निस्तरणाऱ्याचीच भूमिका, असा आक्षेप यावर घेता येतो, आणि तो मला अर्धा पटतो. उरलेला अर्धा मियामोतोंनी आपल्या अभिनयाने खोडून काढला आहे. आज मात्सुयामामध्ये इतामींच्या नावाचं स्मारक संग्रहालय आहे. 2007 च्या 15 मे रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, ते उघडलं आणि मियामोतो त्याच्या संचालक आहेत. वडिलांच्या आणि मुलाच्या दोघांच्याही कामाचे कागद तिथे आहेत, आणि इतामींची बेंटली गाडीही.

वाचकांना एक सुचवावंसं वाटतं. सगळे ‘ताम्पोपो’पासून सुरुवात करतात, तुम्ही ‘ओसोशिकी’पासून करा, मग ‘मारुसा नो ओन्ना’ पाहा, आणि ‘ताम्पोपो’ तिसऱ्या दिवशी, भरल्या पोटी नाही. ‘मिन्बो’ शेवटी ठेवा, आणि त्यातल्या वकीलबाईंच्या सूचना लिहून घ्या; त्या कुठल्याही गावातल्या गुंडासमोर कामाला येतील.